रकान्यांची अवघड नावं आणि आयर्विन पुलाची पातळी : आर मध्ये काय करू?

गावभाग_सांगली

नमस्कार मंडळी. मी सांगलीत अकरावी-बारावीला गणित शिकवते, घर गावभागात आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचा तळमजला पाण्यात होता. वडील जिन्यात बसून दर दोन तासांनी भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारत होते आणि शेजारी वेळ लिहीत होते. नंतर घराला रंग दिला, पण तेवढी भिंत आम्ही तशीच ठेवली आहे.

त्या रेघा रोज दिसतात, आणि त्यांच्यावरूनच हे काम सुचलं. कोयनेचा विसर्ग, नवजा आणि महाबळेश्वरचा पाऊस, कराड, बहे, ताकारी, भिलवडी इथली आजची पातळी एवढं हाताशी असेल तर उद्या सकाळी आयर्विनला पाणी कुठवर येईल? सरकारी इशारा येतोच, आणि घर सोडायचं ते त्या इशाऱ्यावरच. मला नदीची चाल समजून घ्यायची आहे. म्हणून आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये साध्या लिनिअर रिग्रेशननं (आकड्यांना सरळ रेषेचं सूत्र बसवून) सुरुवात केली.

ओळखीचे एक काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. त्यांनी २०१२ पासून २०२३ पर्यंतचे पावसाळ्यातले रोजचे तक्ते स्वतः एक्सेलमध्ये भरून ठेवले होते, ते सगळे त्यांनी मला दिले. बारा फायली, प्रत्येकीत तीसेक रकाने. आकडे फार जपून भरलेत. माझं घोडं अडलंय ते शीर्षकांपाशी. काही नमुने देते:

आवक (क्युसेक)
विसर्ग : पायथा + वक्र दरवाजे
साठा टी.एम.सी. / %
पातळी (फूट.इंच)
पातळी दु.
साताऱ्यातील पाऊस (मिमी)

शेवटून दुसरं म्हणजे दुपारची पातळी. पूर असेल त्याच दिवशी भरलेली दिसते.

फायलींची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर फाईल) करून आर मध्ये घेतलं तर कंसांच्या, अधिक चिन्हाच्या आणि मोकळ्या जागांच्या ठिकाणी टिंबं येतात. पहिल्या रकान्याच्या नावापुढं तर भलतंच अक्षर आणि दोन टिंबं. कॉलेजातल्या संगणकावर मराठी अक्षरंच दिसत नाहीत, यू अधिक चार आकडे अशी रांग दिसते. घरच्या लॅपटॉपवर तीच फाईल नीट वाचता येते. टिंबं नकोत म्हणून चेक डॉट नेम्स फॉल्स केलं, म्हणजे नावं बदलू नकोस असं आरला सांगितलं, तर शीर्षकं जशीच्या तशी आली, पण फॉर्म्युला लिहिताना पहिल्या मोकळ्या जागेवरच आर थांबतं.

शेवटी एक्सेलमध्येच एकेक शीर्षक हातानं बदलायला बसले. 'पातळी (फूट.इंच)' चं नुसतं 'पातळी' केलं, असं. पाचव्या फायलीपर्यंत आले तेव्हा लक्षात आलं की तिसऱ्या फायलीत आवक आणि विसर्ग यांची अदलाबदल माझ्याच हातून झाली आहे. त्या रात्री लॅपटॉप बंद केला.

हे नीट कसं करतात? जाणकारांनी सांगावं. आत्ता फोनवरून लिहितेय, म्हणून कोड शब्दांत दिलाय. उत्तरंही तशीच दिलीत तरी चालेल.

कराडकर_आर

ताई, आरचं जॅनिटर पॅकेज (तयार फंक्शनांचा संच) घ्या आणि त्यातलं क्लीन नेम्स एकदा चालवा. मराठीचं रोमन होतं, कंस-टिंबं जातात, सगळं लहान अक्षरात आणि अंडरस्कोरनं जोडलेलं मिळतं. एका ओळीचं काम.

पहिल्या रकान्यापुढचं भलतं अक्षर म्हणजे बाइट ऑर्डर मार्क (बीओएम). एक्सेलनं यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) सीएसव्ही साठवली की ते फायलीच्या तोंडाशी बसतं. वाचताना फाईल एन्कोडिंगला यूटीएफ-८ च्या पुढं आडवी रेघ देऊन बीओएम लिहा, निघून जाईल.

कॉलेजचं आर जुनं असणार. विंडोजवर आर ४.२ पासून, म्हणजे एप्रिल २०२२ पासून, यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग झालं. त्याआधीच्या आवृत्त्यांत देवनागरीचे असे हाल होतात. नवीन आर टाकून घ्या.

गावभाग_सांगली

धन्यवाद दादा, पहिल्या रकान्याचं काम झालं. क्लीन नेम्सही चाललं. पण आमच्या तक्त्यात शीर्षकाच्या दोन ओळी आहेत हे मी वर लिहायचं विसरले. वरच्या ओळीत पुलाचं नाव, तेही एक्सेलच्या जोडलेल्या घरात (मर्ज्ड सेल), आणि खालच्या ओळीत 'पातळी (फूट.इंच)'. आर फक्त खालची ओळ घेतं. कराड, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली आणि म्हैसाळ बंधारा अशा सात पातळ्या आहेत. त्यातली पहिली तशीच राहिली आणि पुढच्यांना २ ते ७ आकडे लागले. आता 'पातळी ५' म्हणजे आयर्विन हे मी लक्षात ठेवायचं. जुन्या फायलींत ताकारीचा रकानाच नाही, तिथं आयर्विन चौथा येतो.

तासगाव_बेदाणा

हा आकड्यांचा शेपटा लई घातक असतो, अनुभवानं सांगतो. मी सौद्यांचे दर गोळा करतो, बेदाणा आणि हळद. हळदीच्या तक्त्यात राजापुरी, परपेठ अशा प्रत्येक प्रकाराखाली तेच तीन रकाने : किमान, कमाल, सरासरी. आर त्यांना किमान, किमान टिंब १, किमान टिंब २ अशी नावं देतं. ज्या दिवशी एखाद्या प्रकाराची आवक नसते त्या दिवशी तक्ता देणारा तो गटच गाळतो. मग टिंब १ खाली भलत्याच हळदीचा दर येतो, आणि आर काही तक्रार करत नाही. मला हे पाच महिन्यांनी समजलं, तेही एका शेतकऱ्यानं तक्ता बघून 'ह्या दिवशी परपेठला एवढा दर कसा हो?' असं विचारलं म्हणून.

आणखी एक. रोमन करताना मराठीतला फरक मरतो. माझ्याकडं बागांच्या पाहणीत तीन रकाने होते : 'मळा' म्हणजे बागायत किती, 'माळ' म्हणजे वरकस किती, आणि 'माल' म्हणजे निघालेला बेदाणा. क्लीन नेम्सनं तिन्हीचं एकच केलं. ळ चा ल झाला, काना गेला, शेवटच्या व्यंजनाला अ लागला, आणि मळा, माळ, माल तिघेही रोमनमध्ये एम-ए-एल-ए. पुढं २ आणि ३. आमच्याकडं मळा आणि माळ यांत विहिरीएवढा फरक आहे. तेव्हा हे काम पॅकेजवर सोपवायचं बंद केलं.

सदरबझार_सातारा

ताई, मी साताऱ्यात सव्वीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमचं काम मनापासून आवडलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शीर्षक गैरसोयीचं दिसलं की ते साफ करावंसं वाटतं. पण तुमच्या काकांनी 'पातळी (फूट.इंच)' असं लिहिलंय त्यातला सगळ्यात गैरसोयीचा भाग, म्हणजे कंस आणि त्यातलं टिंब, हाच सगळ्यात मोलाचा आहे. तुम्ही त्याचं नुसतं 'पातळी' केलंत तिथं मी वाचता वाचता थांबलो.

फूट.इंच म्हणजे टिंबाच्या उजवीकडं इंच आहेत, दशांश नाहीत. ४४.११ याचा अर्थ ४४ फूट ११ इंच. आयर्विनला इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, म्हणजे ४४.११ ला धोक्याला एकच इंच उरला. आर हे ४४ पूर्णांक ११ शतांश समजणार, आणि तुमच्या मॉडेलला अजून जवळजवळ ११ इंच शिल्लक आहेत असं वाटणार. शिवाय ४०.१० आणि ४०.१ यांत आरला काहीच फरक नाही, पण काकांच्या लेखी एक १० इंच आणि दुसरा १ इंच. पाण्याची चढ-उतार इंचात बघायची असेल तर ही चूक मॉडेलच्या मुळावर येते.

म्हणून पातळीचे सगळे रकाने आधी मजकूर म्हणूनच वाचा. एक्सेल फायली वाचणाऱ्या रीडएक्सएल पॅकेजमध्ये कॉल टाइप्सला टेक्स्ट सांगता येतं. मग टिंबावर तोडा, डावीकडचे फूट, उजवीकडच्याला १२ नं भागा आणि मिळवा. काकांनी मुळातच एक्सेलच्या आकडी घरात ४०.१० टंकलं असेल तर ते शून्य तिथंच गेलेलं असणार. अशा वेळी शेजारच्या ओळी बघा. ४०.९, मग ४०.१, मग ४०.११, मग ४१ असा क्रम असेल तर मधला ४०.१ हा १० इंच आहे हे उघड आहे. पाणी उतरतानाही तसंच, फक्त उलट. आणि एखाद्या रकान्यात .२५ किंवा .७५ सापडलं तर तिथं कुणीतरी दशांश फूट वापरलेत. इंच ११ च्या पुढं जात नाहीत. वर्षागणिक ही तपासणी करा, सगळी वर्षं एकत्र घेऊन नको, कारण भरण्याची पद्धत मध्येच बदललेली असू शकते.

कुठं आकडे देवनागरीत असतील तर तेही बघा. आरचं ॲज डॉट न्यूमेरिक देवनागरी अंक ओळखत नाही, सरळ एनए (किंमत नाही) देतं. आधी चार्टीआर या फंक्शननं ० ते ९ इंग्रजी अंकांत बदलून घ्या.

आता दोन ओळींच्या शीर्षकाबद्दल. आधी फक्त वरच्या दोन ओळी वाचा, कॉल नेम्स फॉल्स ठेवून. जोडलेल्या घराचा मजकूर पहिल्या रकान्यातच असतो आणि पुढचे रिकामे येतात, म्हणून वरच्या ओळीत डावीकडचं नाव उजवीकडं ओढून न्यायचं. झू पॅकेजमधलं एनए डॉट एलओसीएफ हे नेमकं करतं. मग वरची आणि खालची ओळ पेस्ट करा : 'आयर्विन | पातळी (फूट.इंच)'. हे झालं तुमचं मूळ पूर्ण शीर्षक. ताकारीचा रकाना असो वा नसो, आयर्विन आयर्विनच राहतो. त्यानंतर खालचा तक्ता दोन ओळी सोडून वाचायचा.

मग एक नोंदवही करा. खरोखरच वेगळी फाईल, चार-पाच रकान्यांची. पहिल्यात मूळ पूर्ण शीर्षक जसंच्या तसं, एक टिंबही न बदलता. दुसऱ्यात तुम्ही दिलेलं छोटं नाव. तिसऱ्यात एकक. चौथ्यात ते शीर्षक कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत दिसतं. आणि पाचवा रकाना मी विद्यार्थ्यांना आग्रहानं ठेवायला लावायचो : हा अर्थ कुणी सांगितला. 'मी समजले' आणि 'ज्यांनी भरलं त्यांनी सांगितलं' हे दोन वेगळे पुरावे आहेत.

नाव बदलायचं ते मॅच वापरून, याच वहीतून. एक्सेलच्या मूळ फायलीला हात लावायचा नाही. आणि प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच स्टॉप इफ नॉट ची एक ओळ ठेवा : फायलीतलं एकही शीर्षक वहीत नसेल तर पुढं जायचं नाही. बेदाण्यावाल्या दादांचे पाच महिने या एका ओळीनं वाचले असते. पुढं आलेख काढताना अक्षावर मराठी नाव आणि एककही याच वहीतून घ्या.

छोटं नाव कसं असावं? मी 'कोयना_विसर्ग_क्युसेक', 'आयर्विन_पातळी_फूट' अशी ठेवीन. इथं देवनागरीत लिहितोय, तुम्ही रोमन लहान अक्षरांत टंका. आधी ठिकाण, मग राशी, शेवटी एकक. सुरुवात अक्षरानं, पुढं अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर, लांबी ३२ च्या आत. असं नाव आर, पायथन, स्टाटा, सॅस, एसपीएसएस कुठंही अडत नाही. आरमध्ये नावात टिंब चालतं, पण तेच पायथनमध्ये आणि एसक्यूएलमध्ये वेगळ्या अर्थाचं आहे. आरच्या जुन्या फंक्शनांत, रीड डॉट सीएसव्ही, डेटा डॉट फ्रेम, टिंबं का दिसतात असं मुलं विचारायची. कारण पूर्वी आरमध्ये अंडरस्कोर हे किंमत ठेवण्याचं चिन्ह होतं! नावात अंडरस्कोर चालायला लागला तो आर १.९.० पासून, २००४ मध्ये. त्याच्याही आधी मी एसपीएसएसवर शिकवायचो. तिथं आवृत्ती १२ येईपर्यंत नावाला आठच अक्षरं मिळायची. आठ अक्षरांत 'पातळी, सांगली, सकाळी आठ' बसवून बघा. त्या काळी प्रत्येक प्रकल्पाला कागदी नोंदवही असायचीच, तिच्याशिवाय पान हलत नसे. नावं लांब झाली आणि ती सवय गेली, याचं मला वाईट वाटतं.

एकाक्षरी नावं टाळा. तापमानाला मोठा टी दिलेला एक प्रकल्प माझ्याकडं आला होता. आरमध्ये मोठा टी म्हणजे ट्रू चं लघुरूप. तो खुशाल पुसून तिथं तापमान बसवता येतं, आणि मग ज्या ज्या फंक्शनला टी दिलाय तिथं तिथं भलतंच घडतं. त्या मुलीचे आठ दिवस गेले.

नुसतं चाळून बघायचं असेल तर मूळ शीर्षकच बॅकटिकमध्ये घालून फॉर्म्युल्यात वापरता येतं. बॅकटिक म्हणजे एकच्या डावीकडच्या कळीवरची तिरकी रेघ. ती इंग्रजी कीबोर्ड लावूनच मिळेल. दहा मिनिटांच्या कामाला हे पुरतं. बारा वर्षांच्या कामाला नको.

आता तुमची आवक-विसर्गाची अदलाबदल. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण नाव चुकीच्या रकान्याला लागलं तर आर कधीच सांगणार नाही. सांगेल ते पाणी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, दिवसाचे सेकंद ८६,४००, आणि एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. म्हणजे ११,५७४ क्युसेक चोवीस तास वाहिले की एक टीएमसी होतं. आता कोयनेचा आजचा साठा वजा कालचा साठा काढा, आणि आवक वजा विसर्ग भागिले ११,५७४ याच्याशी ताडून बघा. तंतोतंत जुळणार नाही. पोफळीकडं वीजनिर्मितीला जाणारं पाणी साठ्यातून कमी होतं पण कृष्णेत येत नाही, बाष्पीभवनही आहे, आणि आवक कधी कधी साठ्यावरूनच काढलेली असते. पण जोराच्या पावसाच्या दिवसांत दिशा तरी जुळलीच पाहिजे. धरण भरत असताना तुमचं उत्तर उणे येत असेल तर दोन्ही रकाने उलटे आहेत. १०५.२५ टीएमसीच्या धरणाला असा हिशेब लावता येतो, तर तो लावायलाच हवा. आलेख काढून बघा, डोळ्याला लगेच दिसेल.

काही अडलं तर इथंच विचारा, मी रोज संध्याकाळी बघतो.

मिरज_लॅब

सरांनी नोंदवही सांगितली ती शंभर टक्के बरोबर. पण मॅच करताना तुम्हाला एक अडचण येईल म्हणून आधीच सांगते. मी मिरजेत रुग्णालयांची माहिती एकत्र करण्याचं काम करते, गावांच्या नावांवर हे रोज बघते.

तुमचं 'साताऱ्यातील पाऊस (मिमी)' घ्या. डोळ्याला बाराही फायलींत एकच दिसेल, पण आरला तीन वेगळी शीर्षकं वाटू शकतात. गोम त्या 'ऱ्या' मध्ये आहे. एका पद्धतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, यूनिकोड ०९३१, त्याला हलन्त आणि य. दुसरीत साधा र, त्याखाली नुक्ता (टिंब), मग हलन्त आणि य. तिसरीत साधा र, हलन्त, मग एक न दिसणारा जोडक, २००डी, आणि य. कुठला कीबोर्ड होता त्यावर हे ठरतं. 'साताऱ्यातील' हा शब्द पहिल्या पद्धतीत ११ वर्णांचा, बाकी दोन्हींत १२ चा. वर्ण मोजणारं एनचार लावून बघा, लगेच सापडेल.

पहिल्या दोन पद्धती स्ट्रिंगआय पॅकेजमधल्या एनएफसी नं (अक्षर यूनिकोडच्या एका ठरलेल्या रूपात आणणं) एक होतात. तिसरी होत नाही. आणि तिथं नुसता जोडक पुसून टाकू नका, नाहीतर साताऱ्याच्या ठिकाणी सूर्यातला र्य येईल. र, हलन्त, जोडक अशी तिकडी शोधून तिच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचं. 'ॲव्हरेज'चंही तसंच. ॲ हे सलग अक्षर यूनिकोड ५.१ मध्ये २००८ ला आलं. त्याआधीची सवय असलेले अ वर अर्धचंद्र देतात. दिसायला सारखे, पण एनएफसी यांना एक करत नाही, हातानंच बदलावं लागतं. शिवाय घरात ऑल्ट-एंटरनं तोडलेली ओळ, शेवटची मोकळी जागा, हे सगळं स्ट्रिंगआर मधल्या स्ट्र स्क्विश नं जातं.

सरांनी रोमन नाव सांगितलं त्यामागं आणखी एक कारण आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो आणि सॅसमध्ये नावाची मर्यादा ३२ बाइट आहे. 'साताऱ्यातील' एवढ्या एका शब्दाचे ३३ होतात. पायथन ३ मध्ये मराठी नावं चालतात, मला ती आवडतातही, पण तो न दिसणारा जोडक नावात आला की पायथन अडतं, आणि चूक कुठं आहे ते डोळ्याला दिसत नाही. पायथनच्या पांडाज पॅकेजमध्ये काम करत असाल तर क्वेरीच्या आत मूळ शीर्षक बॅकटिकमध्ये घालता येतं, नुसत्या मोकळ्या जागा असतील तर आवृत्ती ०.२५ पासून, कंस-टिंबं असतील तर १.० पासून. पायथनच्याच स्टॅट्समॉडेल्सच्या फॉर्म्युल्यात मोठा क्यू आणि कंसात अवतरणचिन्हांसह नाव.

गावभाग_सांगली

सर, ताई, दोन्ही दादा, तीन रविवार लावले, आता सांगते.

एक्सेलमधले माझे बदल सगळे टाकून दिले, काकांच्या मूळ फायली पुन्हा घेतल्या. दोन ओळी वाचून शीर्षकं जोडली आणि बारा फायलींतली सगळी एकत्र केली, तर ५८ वेगळी शीर्षकं निघाली. ताईंनी सांगितलेली ऱ्या ची दुरुस्ती आणि मोकळ्या जागा काढल्यावर ३९ उरली. सातारा दोन रूपांत होता, जोडकवाला जुन्या चार फायलींत.

पातळीचे रकाने मजकूर म्हणून वाचले. बहुतेक वर्षं काकांनी घरं मजकुराचीच ठेवली होती, शून्यं शाबूत आहेत. दोन वर्षांची गेली आहेत. तिथं सरांच्या पद्धतीनं आजूबाजूच्या ओळी बघून दहा इंच कुठले ते लावले. एका ठिकाणी रोजच्या नोंदींवरून काही ठरेना, कारण पाणी रात्रीत चढून उतरलं होतं. तो दिवस २०१९ च्या पुरातला होता. मग कंदील धरल्यासारखा फोनचा उजेड धरून वडिलांच्या भिंतीवरच्या रेघा मोजल्या. आयर्विनची पातळी आणि आमच्या जिन्यातली रेघ यांतला फरक आधीच्या चार नोंदींवरून काढला होता, तो लावला. दहा इंचच होते. वडील शेजारी उभे होते. त्यांनी काही न बोलता त्या रेघेला पेनानं गोल केला.

आवक-विसर्गाचा हिशेबही लावला. तिसऱ्या फायलीत जी अदलाबदल मी केली होती ती मूळ फायलीत नव्हतीच, पण २०१४ मध्ये एका आठवड्यापुरते आकडे खरोखर उलटे भरलेले सापडले. धरण भरत होतं आणि उत्तर उणे. काकांना दाखवलं, त्यांनी जुनी डायरी काढून खात्री केली.

मग नोंदवहीचा पाचवा रकाना भरायला घेतला, 'कुणी सांगितलं'. बहुतेक ठिकाणी 'मी समजले' असंच लिहावं लागत होतं, ते बघवेना. म्हणून काकांकडं वही घेऊन गेले आणि एकेक शीर्षक वाचून दाखवू लागले. 'पातळी दु.' वर आले आणि म्हटलं, ही दुपारची ना काका? ते म्हणाले, "दुपारची कुठली? दुरुस्त. रात्री बॅटरीच्या उजेडात पट्टी वाचायची, लाटा असायच्या, कधी चुकायचं. सकाळी परत जाऊन बघायचो आणि बदलायचं असेल तर शेजारच्या घरात भरायचो. पहिलं खोडायचं नाही, असा माझा नियम."

म्हणजे जिथं 'दु.' भरलेलं आहे तिथं पहिला आकडा वापरायचाच नाही. आणि मी ते दोन्ही रकाने मॉडेलमध्ये वेगवेगळे घातले होते, सकाळ आणि दुपार म्हणून.

वहीत त्या ओळीपुढं एकक फूट-इंच, अर्थ दुरुस्त पातळी, आणि शेवटच्या रकान्यात काकांचं नाव लिहिलं. ३९ पैकी १४ झाली. ते हरिपूरला राहतात. उरलेल्या पंचवीसांसाठी येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे, वडीलही येतो म्हणालेत.